मेंदूतलं घड्याळ: हजारो पेशी मिळून एकच वेळ कशी पाळतात?

वर्गातला_खडू | रविवार, संध्याकाळी ६:१०

दादरच्या एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. हायपोथॅलॅमस, म्हणजे मेंदूचा तळाचा एक लहान भाग, वर्गात एका तासात उरकावा लागतो. त्यातला जो भाग मला सगळ्यात थोर वाटतो, त्याला त्या तासात चार वाक्यंही मिळत नाहीत. म्हणून हा धागा.

दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या दृष्टिचेता मेंदूच्या तळाशी जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या अगदी वर पेशींचे दोन पुंजके असतात. आकार जेमतेम मिलिमीटरभर. नाव लांबलचक आहे, सुप्राकायाझ्मॅटिक न्यूक्लियस, म्हणून सगळे एससीएन म्हणतात. उंदरात दोन्ही पुंजके मिळून साधारण २०,००० चेतापेशी भरतात. झोप, जाग, शरीराचं तापमान, पहाटे वाढणारं कॉर्टिसॉल आणि रात्री स्रवणारं मेलॅटोनिन ही संप्रेरकं, या सगळ्यांच्या वेळा इथून सांभाळल्या जातात.

हे कळलं १९७२ मध्ये. अमेरिकेतल्या दोन गटांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे उंदरांमधला एवढाच भाग निकामी केला. एका गटाच्या उंदरांचं चाकावर धावणं आणि पाणी पिणं दिवसरात्रीत कसंही विखुरलं गेलं. दुसऱ्या गटाला अ‍ॅड्रिनल ग्रंथीच्या संप्रेरकाचा रोजचा चढउतार नाहीसा झालेला दिसला. उंदीर जिवंत होते, खातपीत होते, फक्त त्यांचा दिवस हरवला होता.

तरी एक शंका उरतेच. तार कापली की दिवा विझतो, म्हणून वीज तारेत तयार होते असं थोडंच आहे? त्याचं उत्तर १९९० मध्ये मिळालं. हॅमस्टरांमध्ये एक आनुवंशिक वाण सापडला होता, त्यांचं आतलं घड्याळ २४ ऐवजी सुमारे २० तासांचं होतं. साध्या हॅमस्टरचं एससीएन काढलं आणि तिथे या वाणाच्या गर्भातली तेवढीच ऊती बसवली. त्या प्राण्याचा ताल परत आला, आणि आला तो २० तासांचा! वेळ दात्याची, शरीर दुसऱ्याचं. वर्गात हा प्रयोग सांगतो तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही मान वर करतात.

आता प्रत्येक पेशीच्या आत काय चालतं ते थोडक्यात. क्लॉक आणि बीमॅल-१ ही दोन प्रथिनं मिळून पीरियड आणि क्रिप्टोक्रोम या जनुकांना कामाला लावतात. त्या जनुकांपासून बनलेली प्रथिनं हळूहळू साठतात, केंद्रकात शिरतात आणि क्लॉक-बीमॅलचंच काम थांबवतात. मग ती स्वतः झिजून संपतात आणि फेरा पुन्हा सुरू होतो. एका फेऱ्याला साधारण २४ तास. याची पहिली खूण १९७१ मध्ये कोनोप्का आणि बेंझर यांना फळमाशीत दिसली: एका माशीचा दिवस १९ तासांचा, एकीचा २८ तासांचा, एकीला दिवसच नाही. पुढे त्यामागचं पीरियड जनुक वेगळं काढून त्याचं काम उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं.

पण माझा जीव अडकलाय तो याच्या पुढच्या टप्प्यात. १९९५ मध्ये एससीएनच्या पेशी सुट्या करून बशीत वाढवल्या आणि खाली बारीक इलेक्ट्रोड ठेवून एकेकीचे विद्युत स्पंद मोजले. प्रत्येक पेशी आपापलं घड्याळ चालवत होती. कुणाचा फेरा २२ तासांच्या आसपास, कुणाचा २६ च्याही पुढे. शेजारी-शेजारी असूनही एकीची सकाळ ती दुसरीची मध्यरात्र. एकटी पेशी तशी कच्चं घड्याळच म्हणायची. त्याच पेशी मेंदूत, आपल्या जागी, एकमेकींना जोडलेल्या असतात तेव्हा मात्र त्यांची वेळ आठवडेच्या आठवडे ढळत नाही.

हे जुळणं होतं कसं? पुंजक्याच्या खालच्या भागातल्या काही पेशी व्हीआयपी नावाचं छोटं प्रथिन सोडतात. डोळ्यांकडून उजेडाची खबर येते ती मुख्यतः याच भागाला. वरच्या भागातल्या पेशी व्हॅसोप्रेसिन बनवतात. जवळजवळ सगळ्याच पेशी गाबा वापरतात. ही तिन्ही पेशींनी एकमेकींना निरोप द्यायची रसायनं. यातला कळीचा दुवा व्हीआयपी. ज्या उंदरांत ते नाही किंवा ते टिपणारा ग्राहक (पेशीवरचं प्रथिन) नाही, त्यांच्या एससीएनमध्ये बऱ्याच पेशी ताल सोडतात आणि उरलेल्या आपापल्या वेळेनं चालतात. २००५ मध्ये हे स्पष्ट झालं.

लोकलच्या डब्यात भजन बसतं ते ज्यांनी ऐकलंय त्यांना हे चटकन कळेल. ठाण्याला चढलेला टाळकरी आणि मुलुंडला चढलेला टाळकरी सुरुवातीला मागेपुढे असतात. घड्याळ लावून कुणी बसलेलं नसतं. शेजाऱ्याचा टाळ कानावर पडतो, हात आपोआप सावरतो, आणि भांडुप येईपर्यंत अख्खा डबा एका ठेक्यात असतो. प्रमुख पेशी अशी कुणीच नाही. ठरते ती सगळ्यांनी मिळून ठरवलेली वेळ, आणि कुठल्याही एका पेशीपेक्षा ती जास्त नेमकी असते.

---

शंकासुर | रविवार, रात्री ९:३२

उत्तम लेख. पण एक गोष्ट पटत नाही. पेशी एकमेकींशी बोलून जुळतात हे कशावरून? सगळ्यांना एकाच सूर्याचा उजेड पोचतो, म्हणूनही त्या जुळलेल्या दिसतील. वर्गात शंभर मुलं एकाच वेळी उठतात ती घंटा वाजली म्हणून, एकमेकांशी ठरवून नाही.

---

वर्गातला_खडू | रविवार, रात्री १०:१५

शंकासुर, हाच प्रश्न विचारायला हवा होता.

एससीएनचा पातळ काप काढून बशीत, पूर्ण अंधारात ठेवतात. डोळे नाहीत, सूर्य नाही, रक्तही नाही. तरी पेशी आठवडेच्या आठवडे जुळलेल्या राहतात. ते दिसावं म्हणून काजव्याचं जनुक वापरतात. पावसाच्या तोंडावर आपण भंडारदऱ्याला ज्यांचा उजेड बघायला जातो, तेच काजवे. त्यांचं चमकवणारं प्रथिन उंदराच्या पीरियड जनुकाला जोडलं की जनुक चालू असताना पेशी मंद उजळते आणि बंद झालं की विझते. कॅमेऱ्याखाली कापाकडे पाहिलं तर रोज एक लाट दिसते: एका कडेच्या पेशी आधी उजळतात, मग शेजारच्या, मग आतल्या. सगळ्यांचा क्षण एकच नसतो, पण क्रम रोज तोच.

आता त्या बशीत टेट्रोडोटॉक्सिन घाला. फुगू माशातलं हे विष चेतापेशींचे विद्युत स्पंद थांबवतं. पेशींच्या आतला जनुकांचा फेरा हळूहळू चालू राहतो, पण त्यांची एकमेकींशी बोलणी बंद होतात. काही दिवसांत काप विस्कटतो, कुणी कधीही उजळतं. मग विष धुवून टाका. पेशी पुन्हा जुळतात, आणि जुळतात त्या पूर्वीच्याच क्रमानं. हा प्रयोग २००३ चा. इथे घंटा कुणीही वाजवलेली नाही.

आणखी एक. ज्या कापात व्हीआयपी नाही, त्याच्या शेजारी धडधाकट काप ठेवला तर पहिल्याचा ताल बऱ्यापैकी सावरतो. दोघांमध्ये चेतातंतू नाहीत, फक्त द्रवातून पसरणारी रसायनं आहेत.

---

शंकासुर | रविवार, रात्री १०:४०

पटलं. विष धुतल्यावर क्रमही तोच परत येतो, हे फारच सुंदर आहे.

---

पश्चिमद्रुतगती | रविवार, रात्री ११:०५

वाचनखूण साठवली. चेतापेशींच्या मध्ये ज्या बाकीच्या पेशी असतात, अ‍ॅस्ट्रोसाइट, त्यांचं यात काही काम आहे का? का त्या नुसत्या आधाराला?

---

वर्गातला_खडू | रविवार, रात्री ११:२०

नुसत्या आधाराला असतात असंच आम्ही शिकलो आणि बरीच वर्षं तसंच शिकवलं गेलं. २०१७ नंतर चित्र पालटलं. एससीएनमधल्या अ‍ॅस्ट्रोसाइटना स्वतःचं घड्याळ आहे आणि ते चेतापेशींच्या उलट्या पाळीत चालतं. चेतापेशी दिवसा जोरात, या रात्री. रात्री त्या ग्लुटामेट नावाचं रसायन सोडतात आणि चेतापेशींना शांत ठेवायला हातभार लावतात. २०१९ मध्ये तर आतलं घड्याळ पूर्ण बंद पडलेल्या उंदरांत फक्त एससीएनच्या अ‍ॅस्ट्रोसाइटमध्ये ते दुरुस्त केलं, तेवढ्यावर उंदरांचा रोजचा ताल परत आला.

एक मौज सांगतो. चेतापेशींचं हे दिवसा जोरात आणि रात्री मंद असणं माणसासारख्या दिवसा जागणाऱ्या प्राण्यांत आहेच, पण रात्री हिंडणाऱ्या उंदरांतही तसंच आहे. एससीएन फक्त ‘आता दिवस आहे’ एवढं सांगतं. त्यावर झोपायचं की जागायचं, हे मेंदूचे पुढचे भाग ठरवतात.

---

रात्रपाळी_सिस्टर | सोमवार, पहाटे ३:५०

वॉर्डमध्ये सगळे झोपलेत म्हणून आत्ता वाचतेय. सर, माझा प्रश्न अगदी व्यवहारातला आहे. नाईट संपवून सकाळची लोकल पकडते, साडेनवाला घरी. आंघोळ, वरणभात, पडदे ओढून आडवी. झोप लागते, पण दुपारी एकच्या आसपास डोळे टक्क उघडतात. पोट कायम फुगलेलं, अ‍ॅसिडिटी पाठ सोडत नाही. आमच्यात सगळ्यांचंच असं आहे आणि सगळ्याजणी म्हणतात सवय होईल. मला इतकी वर्षं झाली, सवय झालेली नाही.

---

वर्गातला_खडू | सोमवार, सकाळी ७:२५

ताई, सवय होत नाही यात तुमचा दोष नाही. एससीएन तुमची ड्युटी बघत नाही, उजेड बघतं. दृष्टिपटलात थोड्या पेशी अशा असतात की त्यांना चित्र दिसत नाही, फक्त उजेड किती आहे ते कळतं. त्यांच्यात मेलॅनॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं. ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या, म्हणजे आकाशी निळ्या उजेडाला ते सगळ्यात जास्त जागं होतं. त्यांच्या तारा थेट एससीएनला जातात. वॉर्डातला ट्यूबलाइट दोनतीनशे लक्सचा असेल (लक्स हे उजेडाचं माप). सकाळी प्लॅटफॉर्मवर तुमच्या डोळ्यांवर हजारो लक्स पडतात. म्हणजे रात्रभर तुम्ही घड्याळाला जेवढं उशिराकडे ढकलता, तेवढं ते घरी जाताना पुन्हा जागच्या जागी येतं. मग दुपारी एकला एससीएनच्या मते भर दिवस असतो, शरीराचं तापमान चढतीला असतं आणि मेलॅटोनिन जवळपास नसतं. झोप टिकणार कशी?

पोटाचं कारण वेगळं. यकृत, आतडी, स्वादुपिंड यांच्या पेशींतही हीच घड्याळं आहेत. एरवी ती एससीएनच्या मागे चालतात, पण जेवणाची वेळ बदलली की यकृत जेवणाच्या मागे जातं आणि एससीएन जागचं हलत नाही. रात्री दोनला डबा खाल्लात की यकृताचा दिवस तिथे सुरू, मेंदूचा दिवस सातला. एकाच शरीरात दोन गावांच्या वेळा. रात्रपाळीचा खरा त्रास माझ्या मते झोप कमी पडण्यापेक्षा या फुटीत आहे.

करता येण्यासारखं: परतीच्या वाटेवर गडद गॉगल लावा (गाडी चालवत नसाल तरच), खोलीत पूर्ण अंधार करा, रात्री १२ ते ५ मध्ये शक्यतो पोटभर जेवू नका, ड्युटीला जाण्याआधी नीट जेवा. अ‍ॅसिडिटी इतकी जुनी असेल तर डॉक्टरांना दाखवाच.

---

करीरोडकर | सोमवार, सकाळी १०:१०

सिस्टर, तुमचं वाचून बाबा आठवले. ते गिरणीत साच्यावर होते. तिसरी पाळी असली की सकाळी घरी येऊन झोपायचे. दहा बाय बाराची खोली, आम्ही चार भावंडं, वर शेजाऱ्यांचं कांडण-कुटण. आई आम्हाला गॅलरीत हाकलायची, खिडकीला गोधडी बांधायची. त्यांच्याबरोबरचे काही जण गाळ्यात राहायचे. एकाच वळकटीवर दिवसा एक आणि रात्री दुसरा झोपायचा. पाळी बदलली की बाबांची भूक जायची, चार दिवस कुणाशी धड बोलायचे नाहीत. आम्ही समजायचो तापट आहेत. वस्तीतल्या जवळपास प्रत्येक घरात असंच होतं. गिरणगावाचा इतिहास लिहिताना संप आणि पगार येतात, पण हे शरीरावर झालेलं कुणी फारसं लिहीत नाही. लिहायला हवं.

---

वर्गातला_खडू | सोमवार, दुपारी १:३०

करीरोडकर, अगदी खरं. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या जागतिक संस्थेनं, आयएआरसीनं, घड्याळ बिघडवणारी पाळी २००७ मध्ये ‘कर्करोगाला बहुधा कारणीभूत’ या गटात टाकली आणि २०१९ मध्ये रात्रपाळीबद्दल तोच निष्कर्ष कायम ठेवला. गिरण्यांनी त्याआधी कित्येक पिढ्या रात्री चालवून घेतल्या.

पाळी बदलल्यावरच्या त्या चार दिवसांचं कारणही पेशींत आहे. वेळ अचानक सरकली की एससीएनचा खालचा, उजेड घेणारा भाग लवकर सरकतो आणि वरचा रेंगाळतो. मधले दिवस पुंजक्यातच एकवाक्यता नसते. २०१३ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी व्हॅसोप्रेसिनचे दोन ग्राहक काढून टाकलेल्या उंदरांचे दिवसरात्र अचानक सरकवले. ते उंदीर जवळजवळ लगेच नव्या वेळेला लागले. म्हणजे पेशींची घट्ट एकजूट एरवी घड्याळाला स्थिर ठेवते, आणि तीच नव्या वेळेला लवकर जाऊ देत नाही.

---

वेसावकरीण | सोमवार, रात्री ८:४५

आमच्याकडे बोटीवर जाणं सूर्यावर नसतं, पाण्यावर असतं. उधाण कधी, भांग (लहान भरती) कधी, भरती किती वाजता. बाबा तिथी बघून झोपतात. भरतीचंही घड्याळ मेंदूत असतं का?

---

वर्गातला_खडू | सोमवार, रात्री ९:३०

माणसाच्या एससीएनमध्ये भरतीचं वेगळं घड्याळ सापडलेलं नाही. भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते आणि आपली पेशी इतकं सरकत नाही. म्हणून तुमच्या बाबांचं शरीर सूर्यावरच असणार आणि झोप ते अनुभवानं जुळवत असणार. ते कष्टाचं काम आहे. पण किनाऱ्यावरच्या काही खेकड्यांत आणि बारीक कवचधारी जीवांत भरतीचं खरंखुरं घड्याळ आहे. प्रयोगशाळेत पाणी स्थिर ठेवलं तरी ते १२.४ तासांच्या फेऱ्यानं हालचाल करतात.

---

घुबडप्रेमी | सोमवार, रात्री १०:०२

यात भारतातलं एक मोठं काम राहू नये. मदुराई कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन यांनी वटवाघळांवर प्रयोग केले. गुहेच्या आत कायम अंधार, तरी वटवाघळं रोज वेळेवर बाहेर पडतात. त्यांनी एकेक वटवाघूळ पिंजऱ्यात घालून गुहेतच ठेवलं, जिथे उजेड पोचत नाही पण भोवतालच्या वसाहतीचं येणंजाणं कळतं. त्याची वेळ वसाहतीबरोबर जुळून राहिली. सोबती नसलेल्या अंधाऱ्या गुहेत मात्र ती रोज थोडी थोडी सरकत गेली. १९८१ चं काम आहे. पेशी एकमेकींवरून वेळ लावतात, वटवाघळंही.

---

वर्गातला_खडू | सोमवार, रात्री १०:२०

घुबडप्रेमी, मनापासून आभार. हे उद्याच वर्गात सांगणार.

---

मुलुंडची_आई | मंगळवार, सकाळी ६:४०

मुलगा १७ वर्षांचा. रात्री दीडपर्यंत टक्क जागा. सातच्या लेक्चरला त्याला उठवणं म्हणजे रोजचं युद्ध. घरात सगळे त्याला आळशी म्हणतात. मोबाइल काढून घेतला तरी तासभर आढ्याकडे बघत पडून राहतो. शिस्तीचा प्रश्न आहे की पेशींचा?

---

ठाकुरद्वार_नाका | मंगळवार, सकाळी ९:१५

यात मुंबईची एक भर घालतो. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि मुंबई ७३ च्याही किंचित पश्चिमेला. म्हणून सूर्य आपल्या डोक्यावर सरासरी १२:३९ ला येतो. १९५५ पर्यंत इथे बॉम्बे टाइम चालायचा, तो ३९ मिनिटं मागे होता आणि सूर्याशी जुळलेला होता. जानेवारीत तर मुंबईत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. सातचं लेक्चर म्हणजे तेव्हा सूर्योदयाच्या आधीचं!

---

वर्गातला_खडू | मंगळवार, दुपारी २:०५

ताई, पेशींचा. वयात येताना घड्याळ उशिराकडे सरकतं, जगभर दिसतं हे. त्याला अकराला झोप येत नाही कारण त्याच्या एससीएनची रात्र अजून सुरूच झालेली नाही. त्यात ठाकुरद्वारकरांनी सांगितलेली ३९ मिनिटं मिळवा. शासनानं २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग नऊ किंवा त्यानंतर भरवायला सांगितले, ते चांगलंच झालं. पण ज्यांचं घड्याळ खरोखर मागे असतं ती अकरावी-बारावीची मुलं अजून सातला वर्गात बसतात. पहिल्या तासाला माझ्यासमोर जे चेहरे असतात त्यांना मी आळशी म्हणत नाही. त्यावेळी त्यांच्या मेंदूत रात्र असते आणि आपण त्यांना रेणूंची सूत्रं विचारतो. याबद्दल पालकांनी कॉलेजांशी भांडायला हवं.

घरात करता येईल ते असं: जाग आली की अर्धा तास गॅलरीत किंवा खाली, उघड्या उजेडात. ढगाळ दिवशीही बाहेर घरातल्यापेक्षा कितीतरी पट उजेड असतो. रात्री दहानंतर घरातले पांढरे दिवे कमी. आणि रविवारी बारापर्यंत झोपू देऊ नका, नाहीतर आठवडाभर अलीकडे ओढलेलं घड्याळ पुन्हा उशिराकडे जातं.

---

रात्रपाळी_सिस्टर | मंगळवार, संध्याकाळी ५:२०

सर, आमची ड्युटी नाईट, मग ईव्हनिंग, मग मॉर्निंग अशी उलटी फिरते. मॉर्निंग, ईव्हनिंग, नाईट अशी सुलटी फिरली तर काही फरक पडेल? वेळापत्रक लावताना आम्हाला विचारलं जाणार आहे.

---

वर्गातला_खडू | मंगळवार, संध्याकाळी ७:००

पडेल, आणि हे जरूर सांगा. माणसाचा आतला फेरा सरासरी २४ तासांपेक्षा थोडा मोठा, सुमारे २४.२ तासांचा आहे. त्यामुळे झोप पुढे ढकलणं शरीराला सोपं जातं, अलीकडे ओढणं अवघड. मॉर्निंगकडून ईव्हनिंग, तिथून नाईट, हा क्रम शरीराच्या बाजूचा. शिवाय ईव्हनिंग संपवून दुसऱ्याच सकाळी मॉर्निंग लावू नये, एवढंही लिहून घ्या.

---

सुलभा_गिरगाव | मंगळवार, रात्री ९:१०

माझ्या सासऱ्यांचं मुलुंडच्या ताईंच्या मुलाच्या अगदी उलट. ८१ वय. संध्याकाळी साडेसातला पेंगतात आणि रात्री दोनला उठून चहा मागतात. झोपेची गोळी सुरू करावी का, असा घरात विचार चाललाय.

---

वर्गातला_खडू | मंगळवार, रात्री ९:५५

गोळीचा निर्णय डॉक्टरांचा, पण त्याआधी उजेड बदलून बघा. वय वाढतं तसं घड्याळ अलीकडे सरकतं आणि एससीएनच्या स्पंदांतला दिवसरात्रीचा फरक कमी होतो. म्हणजे दिवसा हाक बारीक आणि रात्री शांतता अपुरी. त्यात मोतीबिंदू असेल तर पिवळसर झालेलं भिंग नेमका निळा उजेड अडवतं. शस्त्रक्रिया बाकी असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ही गोष्ट काढा.

उजेडाचा परिणाम वेळेवर असतो. पहाटेचा उजेड घड्याळ अलीकडे ओढतो, संध्याकाळचा पुढे ढकलतो. आजोबा पहाटेच फिरायला जात असतील तर ते आणखी लवकर झोपतील. त्यांना साडेपाच-सहाला चौपाटीवर न्या, सूर्य बुडेपर्यंत पश्चिमेकडे तोंड करून बसू द्या. घरी आल्यावर नऊपर्यंत खोलीतला मोठा दिवा चालू ठेवा. दोनला उठले तर ट्यूब लावू नका, पायाशी लहान पिवळा दिवा पुरे. दोनतीन आठवडे रोज त्याच वेळी करा, मध्ये खंड नको.

---

सुलभा_गिरगाव | मंगळवार, रात्री १०:०५

ते पहाटे पाचलाच जातात फिरायला! उद्यापासून वेळ बदलतो. मोतीबिंदू डाव्या डोळ्यात आहे, तारीख घेते.